चष्मा घेताना या चुका टाळा : आधी नंबर, मग फ्रेम

अर्धा तास आरशासमोर उभं राहून फ्रेम पसंत केली जाते. मैत्रिणीला फोटो जातो, तिचा होकार येतो, फ्रेम काउंटरवर ठेवली जाते आणि त्यानंतर पर्समधून चार घड्या घातलेला नंबरचा कागद बाहेर निघतो. कागदावर मायनस सहा. पसंत केलेली फ्रेम मोठी, चौकोनी, ५६ साइजची. अशा वेळी मला वाईट वाटतं. आता कितीही भारी काच घातली तरी हा चष्मा जड होणार, नाकावर रुतणार आणि काही महिन्यांत कपाटात पडणार, हे मला समोर दिसत असतं. चष्म्याच्या काउंटरमागे मी वीस वर्षं उभा आहे आणि लोकांच्या बहुतेक तक्रारींचं मूळ मला या उलट्या क्रमात सापडलंय. कागद आधी उघडा, फ्रेम नंतर हातात घ्या.

मोठ्या फ्रेमला महाग काच वाचवू शकत नाही

काडीच्या आतल्या बाजूला तीन आकडे छापलेले असतात, उदाहरणार्थ ५२, १८, १४०. पहिला काचेची रुंदी, दुसरा नाकावरच्या पुलाची रुंदी, तिसरा काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. चौथा आकडा तुमच्या चेहऱ्यावर असतो : पीडी, म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर. मोठ्या माणसांत ते साधारण ५४ ते ७४ मिमीच्या दरम्यान असतं.

वरच्याच मुलीचं गणित मांडतो. तिची पीडी ६२ धरा. ५६-१८ च्या फ्रेममध्ये दोन काचांच्या मध्यांतलं अंतर ७४ मिमी होतं. म्हणजे प्रत्येक काचेचा नंबरी मध्य (बाहुलीसमोर यायला हवा तो बिंदू) ६ मिमी नाकाकडे सरकवावा लागतो आणि कानाकडची कड त्या मध्यापासून ३४ मिमी लांब जाते. मायनस नंबरची काच मध्ये पातळ आणि कडेला जाड असते, त्यामुळे हे अंतर वाढलं की जाडी झपाट्याने वाढते. मायनस सहाला साध्या प्लास्टिकमध्ये ती कड मध्यापेक्षा जवळजवळ ७ मिमीने जाड होईल. महागड्या १.६७ इंडेक्सच्या काचेत (इंडेक्स जितका मोठा, तितकी काच पातळ) तीच ५ मिमीच्या थोडी वर राहील. आता त्याच मुलीला ४६-१८ ची गोलसर फ्रेम द्या. कड मध्यापासून २४ मिमीवर येते आणि साध्या प्लास्टिकमध्येसुद्धा जाडी साडेतीन मिमीच्या आसपासच वाढते. स्वस्त काच लहान फ्रेममध्ये घालून महागड्या काचेपेक्षा पातळ चष्मा झाला! तिने लहान फ्रेममध्ये १.६७ घेतली तर अडीच मिमी, म्हणजे मग त्या पैशांचं चीज झालं.

प्लस नंबरवाल्यांनी हे आपल्याला लागू नाही असं समजू नये. त्यांची काच मध्ये जाड असते, आणि फ्रेम मोठी घेतली की मधला फुगवटा आणखी वाढतो. समोरच्याला डोळे मोठे दिसतात तेही जास्तच.

हाय इंडेक्सबद्दल एक गोष्ट दुकानात क्वचितच सांगितली जाते. पातळपणाची किंमत नजरेलाही मोजावी लागते. काच प्रकाशाचे रंग किती फोडते हे अ‍ॅबे अंकावरून कळतं. अंक जितका मोठा तितकी नजर स्वच्छ. साध्या सीआर-३९ प्लास्टिकचा अंक ५८ आहे, पॉलिकार्बोनेटचा ३० आणि १.६७ चा ३२. मोठ्या नंबरला कडेने पाहिलं की दिव्याभोवती निळी-पिवळी किनार दिसते ती यामुळेच. मायनस दीडच्या माणसाने १.६७ घेण्यात मला काहीच अर्थ वाटत नाही. दोनपर्यंत साधं प्लास्टिक पुरतं, चारच्या आसपास १.६० चांगली आणि त्यापुढे अधिक पातळ काचेचा विचार करावा.

कोणी पॉलिकार्बोनेटच घ्यावी

लहान मुलं, खेळणारी मुलं, वेल्डिंग-ग्राइंडिंगच्या कामाजवळ वावरणारी माणसं. यांच्या चष्म्यात पॉलिकार्बोनेट किंवा ट्रायव्हेक्सच हवी, कारण या काचा आघाताने सहसा फुटत नाहीत. मशिनवरच्या माणसाने तर वरून सेफ्टी गॉगलही लावायला हवा. अजून एक गट आहे ज्याच्याकडे कुणी लक्ष देत नाही : ज्यांना एकाच डोळ्याने नीट दिसतं. दुसरा डोळा लहानपणापासून मंद असेल, अपघातात गेला असेल, तर चांगल्या डोळ्यापुढची काच ही त्या माणसाची ढाल आहे. नंबर शून्य असला तरी अशांनी पॉलिकार्बोनेटचा चष्मा दिवसभर वापरावा. मी हे प्रत्येकाला हात जोडून सांगतो.

रिमलेस आवडत असेल तर त्यातही हीच काच. काचेला भोकं पाडून काड्या बसवतात, आणि साधं प्लास्टिक त्या भोकांपासून तडकतं.

हेल्मेट, घाम आणि फ्रेम

आपल्याकडे अर्धं शहर दुचाकीवर असतं, तरी फ्रेम घेताना हेल्मेटचा विचार करणारा माणूस विरळा. जाड शेलची, म्हणजे जाड प्लास्टिकच्या फ्रेमची, रुंद काडी हेल्मेटच्या आत कानशिलावर दाबली जाते. ऑफिसला पोचेपर्यंत डोकं ठणकतं आणि दोष नंबरला दिला जातो. रोज गाडी चालवत असाल तर काडी बारीक, चपटी आणि जरा लवचीक घ्या. जमलं तर हेल्मेट सोबत घेऊनच दुकानात जा. हेल्मेट आधी घालायचं, मग चष्मा आत सरकवायचा. काढताना चष्मा आधी. चष्म्यावरून हेल्मेट ओढणाऱ्यांच्या बिजागऱ्या सैल झालेल्या मी लांबून ओळखतो.

कोकणात, गोव्यात, मुंबईत हवा दमट आणि खारट. तिथे स्वस्त धातूची फ्रेम लवकर हार मानते. मुलामा घासला गेला की घामाने आतलं तांबं हिरवं पडतं, स्क्रू गंजून पकडतो, आणि मिश्रधातूत निकेल असेल तर काही जणांच्या नाकाला-कानाला खाज सुटून पुरळ येतं. अशांनी टायटॅनियम घ्यावं. महाग आहे, पण हलकं आहे, गंजत नाही आणि बहुतेकांच्या त्वचेला मानवतं. बजेट कमी असेल तर टीआर-९० हा नायलॉनचा प्रकार ठीक : हलका, वाकवला तरी सरळ होतो. त्याची एक अडचण आहे. शेलची काडी गरम करून कानामागे हवी तशी वळवता येते, टीआर-९० तितकं ऐकत नाही. म्हणून ती फ्रेम घालून पाहतानाच नीट बसली पाहिजे, ‘नंतर ॲडजस्ट करून देऊ’ यावर विसंबू नका.

नीट बसली म्हणजे काय? मान खाली घालून डोकं हलवा, घसरता कामा नये. हसा, फ्रेमची खालची कड गालाने वर उचलली जाता कामा नये. पापण्या काचेला लागता कामा नयेत. काडीचं वळण कानाच्या अगदी मागे सुरू व्हावं. आधी सुरू झालं तर कान सोलतो, उशिरा झालं तर चष्मा नाकावर येतो. नाक बसकं किंवा रुंद असेल तर हलवता येणारे पॅड असलेली फ्रेम घ्या. शेलच्या फ्रेमचा पूल ठरलेला असतो, तो नाकाला बसला नाही तर फारसं काही करता येत नाही.

पीडी न मोजता चष्मा बनवणं

डॉक्टरांच्या कागदावर पीडी अनेकदा नसते. मग घरबसल्या मागवलेल्या चष्म्यात ती अंदाजाने टाकली जाते. लहान नंबरला हे खपून जातं. मायनस सहाला मात्र मध्य ४ मिमी चुकला तर काचेत २.४ प्रिझम तयार होतो, म्हणजे काच समोरचं चित्र बाजूला सरकवते. डोळ्यांना दिवसभर ते ओढून सांभाळावं लागतं. संध्याकाळी डोकेदुखी ठरलेली. पीडी नाकाच्या मध्यापासून दोन्ही डोळ्यांची वेगवेगळी मोजून घ्या, कारण अनेकांचं नाक अगदी मधोमध नसतं. आणि ते आकडे कागदावर लिहून मागा, पुढच्या वेळी उपयोगी पडतात.

चाळिशी लागली की

रस्त्यावरून रेडिमेड चाळिशी उचलण्याची सवय फार जुनी. घटकाभर पेपर वाचायला ती वाईट नाही. पण त्यात दोन्ही डोळ्यांना एकच नंबर असतो आणि सिलिंडर नंबर (ठरावीक दिशेतला दोष सुधारणारा) नसतोच. माझी खरी काळजी वेगळी आहे. चाळिशीच्या निमित्ताने माणूस डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातो, डोळ्याचा दाब तपासला जातो, पडदा पाहिला जातो. काचबिंदूत सुरुवातीला बहुधा काहीच जाणवत नाही. गेलेली नजर परत येत नाही. ती तपासणी चुकवू नका.

प्रोग्रेसिव्ह काच घ्यायची असेल तर फ्रेमची उंची पाहा. वर लांबचा, मध्ये कॉम्प्युटरच्या अंतराचा आणि खाली वाचनाचा नंबर, एवढं सगळं एका काचेत बसवायचं असतं. बाहुलीपासून फ्रेमच्या खालच्या कडेपर्यंत बहुतेक डिझाइनना १४ ते १८ मिमी जागा लागते. बारीक पट्टीसारख्या फ्रेममध्ये वाचनाचा भाग कापलाच जातो आणि गिऱ्हाईक म्हणतं, ‘इतके पैसे घालून वाचता येत नाही.’ फ्रेम तुमच्या चेहऱ्यावर आधी नीट बसवून, तुम्ही सरळ समोर पाहत असताना काचेवर बाहुलीची खूण केली पाहिजे. ती न करता ऑर्डर घेतली जात असेल तर थांबवा आणि करून मागा.

सवय व्हायला दोन आठवडे द्या. कडेला थोडं हललेलं दिसणं या काचेत असतंच. वाचताना डोळे खाली, बाजूला पाहताना नुसते डोळे न फिरवता मान वळवायची, जिना उतरताना मात्र हनुवटी खाली घेऊन काचेच्या वरच्या भागातून पायरी पाहायची. मधेच जुना चष्मा लावला तर सवय लागतच नाही. आठ-आठ तास कॉम्प्युटरवर बसणाऱ्यांना मी स्क्रीनच्या अंतराचा वेगळा चष्मा सुचवतो, नाहीतर मान मागे टाकून स्क्रीन पाहत राहिल्याने मानदुखी सुरू होते. शिंप्याला, सोनाराला जवळचा भाग मोठा लागतो, ड्रायव्हरला लांबचा. तुम्ही दिवसभर काय करता हे दुकानदाराने विचारलं नाही तर तुम्ही सांगा.

ब्लू कट आणि रंग बदलणाऱ्या काचा

ब्लू कटसाठी, म्हणजे स्क्रीनचा निळा प्रकाश अडवणाऱ्या काचेसाठी, जादा पैसे देऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. २०२३ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने १७ चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध केला. अल्प काळाच्या वापरात साध्या काचेच्या तुलनेत डोळ्यांचा थकवा कमी झाल्याचं त्यात दिसलं नाही. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजीही या चष्म्यांची शिफारस करत नाही. स्क्रीनसमोर पापण्या कमी मिटतात म्हणून डोळे कोरडे पडतात. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब पाहा, आठवणीने डोळे मिचकावा. तेच पैसे चांगल्या अँटी-रिफ्लेक्शन कोटिंगवर (काचेवरची चमक कमी करणाऱ्या थरावर) घाला, रात्री गाडी चालवताना फरक जाणवतो.

फोटोक्रोमिक काच अतिनील किरणांनी गडद होते. कारची पुढची काच ते किरण बरेचसे अडवते, म्हणून गाडीत ती जवळजवळ पांढरीच राहते. उष्णतेतही तिचा रंग कमी चढतो. थंडीत महाबळेश्वरला जितकी गडद होईल तितकी मे महिन्यात अकोल्याला होणार नाही. हे माहीत असून घेतली तर हरकत नाही.

कोटिंग का उडतं

शर्टाच्या टोकाने, पदराने, रुमालाने कोरडी काच पुसणं. काचेवर बसलेली धूळ म्हणजे बारीक वाळूच, ती आपण घासतो. आधी नळाखाली गार पाण्याने धूळ वाहू द्या, भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब बोटांनी लावा, धुवा, मग स्वच्छ मऊ कापडाने टिपा. व्हिनेगर, अमोनियाचे क्लीनर, नेलपेंट रिमूव्हर काचेजवळ नेऊ नका.

दुसरा शत्रू ऊन. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. बंद कारच्या डॅशबोर्डवर त्याहून कितीतरी जास्त. प्लास्टिक कोटिंगपेक्षा जास्त प्रसरण पावतं आणि कोटिंगला कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडतात. त्या पुसून जात नाहीत, काचच बदलावी लागते.

नवा चष्मा लागत नाहीये?

लगेच ‘नंबर चुकला’ म्हणू नका आणि वर्षभर सोसतही बसू नका. पहिले काही दिवस जमीन तिरकी किंवा खोल वाटणं, विशेषतः सिलिंडर नंबर बदलला असेल तर, नेहमीचं आहे. आठवडा-दोन आठवड्यांत ते कमी झालं नाही तर दुकानात जाऊन चष्मा लेन्सोमीटरवर (काचेचा नंबर मोजणाऱ्या यंत्रावर) लावायला सांगा आणि आलेला नंबर कागदाशी पडताळा. दोन मिनिटांचं काम आहे, त्यासाठी संकोच करू नका. काचेचा नंबर बरोबर असेल तर पीडी तपासा, मग फ्रेम वाकडी झाली आहे का ते पाहा. हे सगळं ठीक असेल तर डॉक्टरांकडे परत जा. मधुमेह असेल तर नंबर काढला त्या दिवशी साखर कशी होती ते आठवा. साखर वर-खाली होत असताना नंबरही बदलतो, ती स्थिर झाल्यावरच चष्मा करावा. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही कायमच्या चष्म्यासाठी डॉक्टर काही आठवडे थांबायला सांगतात.

गोल फ्रेमवाल्यांसाठी अजून एक. अशा फ्रेमचा स्क्रू सैल झाला की काच रिंगमध्ये फिरते, आणि गोल असल्यामुळे फिरलेली दिसत नाही. सिलिंडर नंबर ठरावीक अंशावर बसवलेला असतो. तो दहा अंश सरकला तरी त्या नंबरचा साधारण एक तृतीयांश भाग न सुधारलेला राहतो, तीस अंश सरकला तर सिलिंडर घातल्याचा उपयोगच उरत नाही. माझ्याकडे ‘सहा महिन्यांत नंबर वाढला’ म्हणून आलेल्या एका शिक्षिकाबाईंची काच मी पुन्हा अंशावर आणली, स्क्रू आवळला, आणि भिंतीवरच्या तक्त्याची शेवटची ओळ त्यांनी तिथेच वाचून दाखवली.