एकाच सर्व्हिसने सगळा सर्व्हर अडवू नये म्हणून

दादरच्या एखाद्या सीए ऑफिसात किंवा परळच्या क्लासमध्ये लिनक्सचं एकच मशीन सगळा भार वाहत असतं. डेटाबेस, फाइल शेअरिंग, बॅकअप, सगळं ८ जीबी रॅमवर. जीएसटीची २० तारीख जवळ येते, भर दुपारी कोणीतरी बॅकअप सुरू करतं आणि सर्व्हरवर लॉगिनसुद्धा होईना अशी गत होते. लॅमिंग्टन रोडवरून नवी रॅम आणण्याआधी सर्व्हिसेसना (पडद्यामागे चालणाऱ्या प्रोग्रॅमना) मर्यादा घालून बघा. त्याला पैसे लागत नाहीत.

ही सोय कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच आहे. सीग्रुप नावाची ही यंत्रणा २००८ च्या जानेवारीत कर्नल २.६.२४ सोबत आली. सर्व्हिसेस सुरू-बंद करणारा सिस्टीमडी हा प्रोग्रॅम प्रत्येक सर्व्हिसला स्वतंत्र सीग्रुपमध्ये, म्हणजे वेगळ्या गटात ठेवतो, त्यामुळे कोण किती खातंय ते वेगवेगळं मोजता येतं. खालच्या कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना अक्षरं आणि आकडे रोमन घ्या.

आधी मोजा. सिस्टीमडी-सीजीटॉप चालवा आणि एम दाबा, म्हणजे मेमरीनुसार यादी लागेल. रविवारी नाही, कामाच्या गर्दीत बघा. यात फाइल कॅशही धरलेली असते, म्हणून फाइल शेअरिंगचा आकडा फुगलेला दिसला तर लगेच घाबरू नका. गरज पडली की कर्नल ती कॅश मोकळी करतो.

मग मर्यादा कोणावर घालायची? माझं मत स्पष्ट आहे: डेटाबेसवर आधी हात टाकू नका, बॅकअपवर टाका. सोसायटीच्या टाकीतलं पाणी कमी असेल तर आधी गाड्या धुणं थांबवतात, स्वयंपाकाचं पाणी नाही. बॅकअप क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या जुन्या सोयीतून) चालत असेल तर त्याला आधी स्वतःची सर्व्हिस आणि टायमर (सिस्टीमडीचं वेळापत्रक) करून द्या.

आता सुडो सिस्टीमसीटीएल एडिट बॅकअप अशी कमांड द्या (बॅकअपच्या जागी तुमच्या सर्व्हिसचं नाव). एडिटर उघडेल. त्यातल्या सूचनांच्या ओळींमध्ये जी रिकामी जागा सोडलेली असते तिथेच लिहा, त्याखाली लिहिलेलं टाकून दिलं जातं. पहिल्या ओळीत चौकोनी कंसात सर्व्हिस, मग एकेका ओळीवर:

मेमरीहाय=१जी
मेमरीमॅक्स=१५००एम
सीपीयूवेट=२०

प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल, सीपीयू पूर्ण कॅपिटल. मेमरीहाय ओलांडली की सर्व्हिस मंदावते आणि तिच्याकडून मेमरी परत काढली जाते. मेमरीमॅक्सला पोचल्यावरही जागा झाली नाही तर कर्नल त्या सर्व्हिसमधली प्रोसेस मारतो. म्हणून दोन्हींत थोडं अंतर ठेवा. सीपीयूकोटा=५०% लिहिलं तर सर्व्हिसला अर्ध्या कोअरपेक्षा जास्त कधीच मिळत नाही, मशीन रिकामं असलं तरी. मला सीपीयूवेट, म्हणजे सीपीयूच्या वाटणीतलं वजन, बरं वाटतं: मूळ आकडा १०० असतो आणि तो खेचाखेच झाली तरच लागू पडतो. रात्री बॅकअप पूर्ण वेगाने धावतो, दुपारी मागे सरतो.

डेटाबेसला मेमरीमॅक्स घालायचीच असेल तर आधी इनोडीबीचा बफर पूल (मायएसक्यूएल डेटाबेस स्वतःसाठी राखून ठेवतो ती मेमरी) त्याहून बराच लहान करा. नाहीतर ऐन कामात डेटाबेस मारला जाईल.

‘टू मेनी ओपन फाइल्स’ (एका वेळी फार फाइली उघड्या) ही एरर वेगळी. बरेच जण त्यासाठी सिक्युरिटी फोल्डरमधली लिमिट्स फाइल बदलतात आणि काहीच फरक पडत नाही. ती फाइल लॉगिन करणाऱ्यांना लागू होते, सिस्टीमडीने सुरू केलेल्या सर्व्हिसेसना नाही. त्या सर्व्हिसच्या एडिटमध्ये लिमिटएनओफाइल=६५५३६ लिहा (लिमिटचा एल आणि एनओफाइल कॅपिटल) आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा.

शेवटी तपासा, ‘लिहिलं म्हणजे लागलं’ असं धरून चालू नका. सिस्टीमसीटीएल शो, सर्व्हिसचं नाव, मग वजा पी मेमरीमॅक्स: उत्तर बाइट्समध्ये येईल. ‘इन्फिनिटी’ आलं तर मर्यादा लागलेली नाही, बहुधा स्पेलिंग चुकलंय. उघड्या फाइलींसाठी मात्र प्रॉक फोल्डरमध्ये त्या प्रोसेसच्या नंबरखालची लिमिट्स फाइल वाचा. सर्व्हिस अचानक बंद पडली आणि स्टेटसमध्ये ‘ऊम-किल’ (मेमरी संपली म्हणून मारलं) दिसलं तर मर्यादा फार घट्ट झाली, थोडी वाढवा. सगळंच फसलं तर सिस्टीमसीटीएल रिव्हर्ट, मग रीस्टार्ट. पण रिव्हर्टने त्या सर्व्हिसवर आधी कोणी केलेले बदलही जातात, म्हणून ओव्हरराइड फाइलची (एडिटमध्ये लिहिलेलं जिथे साठतं तिची) कॉपी काढून मगच एंटर दाबा.