टी पेशींचा दुसरा संकेत : कोकणातून रोगप्रतिकारशास्त्राकडे वळणाऱ्यांसाठी

रत्नागिरी, चिपळूण किंवा सावंतवाडीहून बी.एस्सी. करून रोगप्रतिकारशास्त्राकडे वळू पाहणारे विद्यार्थी भेटले, की सीडी क्रमांकांची (पेशींच्या पृष्ठभागावरील प्रथिनांना दिलेल्या क्रमांकांची) यादी पाठ करण्याआधी मी त्यांना एका प्रश्नावर थांबायला सांगतो : समोर प्रतिजन (रोगप्रतिकारयंत्रणा ओळखू शकते असा पदार्थ) असूनही टी पेशी, म्हणजे रोगप्रतिकार करणारी एक पांढरी रक्तपेशी, कधीकधी गप्प का बसते?

प्रतिजन सादर करणारी पेशी आपल्या पृष्ठभागावरील एमएचसी रेणूवर त्याचा तुकडा मांडते आणि टी पेशीचा ग्राही (रिसेप्टर) तो ओळखतो, हा पहिला संकेत होय. त्याच पेशीवरील सीडी८० किंवा सीडी८६ हे सहउत्तेजक प्रथिन टी पेशीवरील सीडी२८ला जोडले गेले, की दुसरा संकेत मिळतो. नुसता पहिलाच मिळालेली पेशी बधिर होते आणि पुढे दोन्ही मिळाले तरी सहसा प्रतिसाद देत नाही. जंतूची चाहूल लागल्यावरच डेंड्रिटिक पेशींवर (प्रतिजन सादर करणाऱ्या प्रमुख पेशींवर) सीडी८० व सीडी८६ वाढतात; एरवी स्वतःच्या ऊतींविरुद्धचा उठाव आवरण्यात या व्यवस्थेचा मोठा वाटा असतो.

हे वाचून पटते, पण समजते प्रयोगशाळेत टी पेशी वाढवण्याच्या खळगेदार प्लेटवर. काही खळग्यांत पहिल्या संकेताची जागा घेणारे फक्त सीडी३विरोधी प्रतिपिंड आणि काहींत त्याच्या जोडीला दुसऱ्या संकेतासाठी सीडी२८विरोधी प्रतिपिंड घातले, की दुसऱ्या गटात पेशी फुगून त्यांचे घोस झालेले सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. मात्र रक्तातून वेगळ्या केलेल्या मिश्र पेशी तशाच वापरल्या, तर त्यांतील मोनोसाइट या पांढऱ्या पेशी स्वतःच दुसरा संकेत पुरवतात आणि अपेक्षित फरक पुसट होतो. म्हणून टी पेशी शुद्ध करून घेण्याचा कंटाळा करू नये.

टी पेशीवरचेच सीटीएलए-४ हे प्रथिन त्याच सीडी८० व सीडी८६ला सीडी२८पेक्षा घट्ट धरते आणि उत्तेजनाला लगाम घालते. तो लगाम सैल करणारे इपिलिमुमॅब हे औषध २०११मध्ये अमेरिकेत कर्करोगावर मंजूर झाले, तर सहउत्तेजन अडवणारे अबाटासेप्ट संधिवातावर त्याआधीच, २००५मध्ये. याउलट, सीडी२८ला थेट चेतवणारे टीजीएन१४१२ हे प्रतिपिंड माकडांत निर्धोक वाटले होते. २००६मध्ये लंडनला मात्र ते मिळालेले सहाही स्वयंसेवक अत्यवस्थ झाले. औषधनिर्मितीत जाऊ इच्छिणाऱ्याने हे प्रकरण मुळातून वाचावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पेशींवरील प्रथिने एकेका पेशीगणिक मोजणारा फ्लो सायटोमीटर तालुक्याच्या महाविद्यालयात सहसा नसतो, तरी खुल्या माहितीसाठ्यांतील फाइली घेऊन सीडी६९ व सीडी२५ या टी पेशी चेतवल्याच्या खुणांचे आलेख वाचण्याचा सराव घरबसल्या करता येतो. पदव्युत्तर प्रवेशासाठी गॅट-बी किंवा जॅम ही प्रवेश परीक्षा द्यावी आणि विज्ञान अकादमींच्या उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीची चौकशी गणपती आटोपताच सुरू करावी. पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आणि खारघरचे कर्करोग संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक ही आपल्याला त्यातल्या त्यात जवळची ठिकाणे. आयआयटी मुंबई व टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून आलेल्या आणि २०२३मध्ये भारतात मंजुरी मिळालेल्या नेक्सकार१९ या, रुग्णाच्याच टी पेशी बदलून केल्या जाणाऱ्या कर्करोगावरील उपचारात त्या पेशींवर बसवलेल्या कृत्रिम ग्राहीतही ४-१बीबी या सहउत्तेजक प्रथिनाचा भाग जोडलेला आहे, त्यामुळे मुलाखतीत हा विषय निघाला तर तो भाग तिथे कशासाठी लागतो, एवढे तरी नीट सांगता आले पाहिजे.