युमा पाहायचं तर पाण्याच्या वाटेनं

फिनिक्सहून सॅन डिएगोला मोटारीनं जाणारी बहुतेक मराठी कुटुंबं ॲरिझोनातल्या युमाला थांबतात ती पेट्रोल भरायला आणि पोरांना बाथरूमला न्यायला. इंटरस्टेट आठवरून खाली उतरायचं, बर्गर घ्यायचा, की परत वर. आमची लेक आणि जावईबापूही हेच करत. मी मात्र पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालेला माणूस. उमेदीची वर्षं जायकवाडीच्या कालव्यांवर काढलेली. वर्षाकाठी जेमतेम तीन इंच पाऊस पडणाऱ्या गावात मैलच्या मैल हिरवं शिवार दिसल्यावर गाडी थांबवू नका असं मला कोण सांगणार? लेकीकडे येणंजाणं सुरू झाल्यापासून युमा बऱ्याचदा पाहून झालं आहे. ते कसं पाहावं, कुठल्या क्रमानं पाहावं, ते इथे सांगतो. मुलांकडे आलेल्या आईबाबांसाठी हे जास्त करून आहे, कारण मुलांना वेळ नसतो.

पहिली गोष्ट, नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच जा. जुलैत इथे ४५ अंश म्हणजे काही विशेष नाही. जुलै १९९५मध्ये पारा ५१ अंशांवर गेला होता. आपण मराठवाड्यातले, उन्हाला काय भ्यायचं, असं कुणी म्हणेल. त्यानं दुपारी दोनला इथल्या जुन्या तुरुंगाच्या टेकडीवर अनवाणी उभं राहून दाखवावं. हिवाळ्यात ऊन सुखाचं असतं, पण अमेरिका-कॅनडातल्या थंड भागांतली म्हातारीकोतारी आपापली फिरती घरं घेऊन मुक्कामाला येतात आणि गाव तुडुंब भरतं. लाखाच्या आसपास वस्ती असलेलं हे गाव, तेव्हा खोल्या आधीच ठरवून ठेवा. अंतर दोन्हीकडून सारखंच, तीन-एक तास. आदल्या दिवशी दुपारी पोचून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निघालात तर सगळं नीट होतं.

बहुतेक जण आधी तुरुंग पाहतात, कारण पाट्या त्याच्याच मोठ्या आहेत. तसं करू नका. आधी कोलोरॅडो नदीवर जा. गेटवे पार्क म्हणून काठावर बाग आहे, तिथे गाडी लावा आणि पुलावरून चालत पलीकडे निघा. हा जुना पूल १९१५चा, नाव ‘ओशन टू ओशन’. कोलोरॅडोच्या खालच्या टप्प्यातला हा पहिला रस्तापूल. मधल्या काळात तो वाहनांना बंद होता. २००२मध्ये पुन्हा खुला झाला. पुलाच्या मध्यावर थांबून दोन्हीकडे नजर टाका. दक्षिणेला तुरुंगाची टेकडी, उत्तरेला दुसरी टेकडी, दोन्ही ग्रॅनाइटच्या, आणि मधून चेपल्यासारखी नदी. गाव इथेच का वसलं, याचं उत्तर एवढंच आहे. धरणं होण्याआधी ही नदी उन्हाळ्याच्या तोंडाला रॉकी पर्वतातलं बर्फ वितळलं की मैलोन्मैल पसरायची. थोडं वरच ‘हिला’ (Gila) नावाची नदी येऊन मिळते, ती आणखी गाळ आणायची. दलदलीत बैलगाड्या कोण घालणार? या दोन टेकड्यांमध्ये मात्र पात्र अरुंद आणि काठ पक्का. शेकडो मैलांच्या टापूत पार व्हायची भरवशाची जागा ती हीच. आपल्याकडे गावं घाटाच्या नाहीतर उताराच्या जागी बसली, त्यातलाच हा प्रकार.

पलीकडची टेकडी क्वेचान या इथल्या मूळ रहिवासी लोकांची. तिथे त्यांची आजही वस्ती आहे, जमीन त्यांच्या राखीव क्षेत्रात येते, तेव्हा वागणूक पाहुण्यासारखी ठेवा. लोकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. वर पांढरं चर्च आहे आणि बाहेर स्पॅनिश धर्मगुरू फादर गार्सेस यांचा पुतळा. या पुतळ्यासमोर उभं राहून क्वेचानांची गोष्ट समजून घ्यावी. पूर ओसरला की ओल्या गाळात हे लोक मका, भोपळे, घेवड्यासारख्या शेंगा पेरायचे. आपण धरणाच्या बुडीत क्षेत्रात गाळपेर करतो, अगदी तशीच शेती. नदी पार करायचा उतार त्यांच्याच हातात होता. १७७४मध्ये आन्झा नावाचा स्पॅनिश कप्तान आला, तेव्हा त्यांचा पुढारी पाल्मा यानं त्याला नदीपार केलं. पुढच्याच वर्षी आन्झा शेकडो वसाहतवाले घेऊन सॅन फ्रान्सिस्कोकडे गेला, तोही इथूनच. मग स्पॅनिशांनी इथेच बस्तान मांडलं. भेटवस्तूंचे शब्द पाळले नाहीत, आणि वर त्यांची गुरं क्वेचानांच्या उभ्या पिकात शिरू लागली. जुलै १७८१मध्ये क्वेचान उठले. गार्सेस मारले गेले. स्पेनचा कॅलिफोर्नियाला जाणारा खुष्कीचा मार्ग त्यानंतर कित्येक दशकं बंदच राहिला. पिकात गुरं घातली म्हणून एका साम्राज्याचा रस्ता बंद पडला, हे आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला पटेल.

एक सूचना: नदीच्या उत्तरेला कॅलिफोर्निया, दक्षिणेला ॲरिझोना. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करत नाही, कॅलिफोर्निया करतं. म्हणून हिवाळ्यात पुलापलीकडे एक तास मागे. मोबाइल आपोआप वेळ बदलतो आणि जेवणाची, औषधाची वेळ चुकते. हातात साधं घड्याळ ठेवा.

आता परत अलीकडे या आणि तुरुंगात जा. सकाळी लवकर. १ जुलै १८७६ला पहिले सात कैदी आत आले, आणि सप्टेंबर १९०९ला तुरुंग बंद झाला. या तेहतीस वर्षांत ३,०६९ कैदी, त्यांत २९ बायका. पर्ल हार्ट ही घोडागाडी लुटणारी बाई इथेच होती. ग्रॅनाइट फोडून कोठड्या खोदल्या त्या कैद्यांनीच. लोखंडी पट्ट्यांचं दार, आत दोन बाजूंना तीन-तीन फळ्या. एका कोठडीत सहा माणसं. ‘डार्क सेल’ म्हणून खडकात कोरलेली अंधारी खोली आहे, तिच्यात जाऊन दोन मिनिटं बोलणं बंद करा, पुरे. पण मला इथली खरी गंमत वाटली ती टेहळणीच्या मुख्य बुरुजाची: तो उभा आहे पाण्याच्या टाकीवर. नदीतून उपसलेलं पाणी वर चढवायचं आणि त्याच्याच डोक्यावर पहारेकरी बसवायचा. वाळवंटात पाणी आणि बंदूक एकाच जागी ठेवणारा माणूस व्यवहार जाणणारा असला पाहिजे. इथे ग्रंथालयही होतं. तुरुंग पाहायला येणाऱ्या गावकऱ्यांकडून पंचवीस सेंट घ्यायचे आणि पुस्तकं घ्यायची. कैदी हलवल्यावर १९१० ते १९१४ इथे गावची हायस्कूल भरली. त्या शाळेच्या संघाचं नाव आजतागायत ‘क्रिमिनल्स’ आहे. नातवाला हे सांगितल्यावर त्यानं तिथेच शाळा बदलायची मागणी केली.

तुरुंगातून निघून नदीकाठानं खाली आलं की लष्कराचा जुना कोठार-परिसर लागतो, आता त्याचं ‘कोलोरॅडो रिव्हर स्टेट हिस्टॉरिक पार्क’ झालं आहे. १८४९च्या सोन्याच्या लाटेत हजारो माणसं या उतारावरून गेली, मागोमाग फोर्ट युमा हा लष्करी तळ आला, १८५२पासून आगबोटी. समुद्रातून माल नदीच्या मुखाशी यायचा, तिथून उथळ बुडाच्या, मागे वल्ह्यांचं चाक असलेल्या बोटींत घालून वर इथे. इथून शेकडो खेचरांवर ॲरिझोनातल्या ठाण्यांना. सप्टेंबर १८७७मध्ये रेल्वे पोचली आणि बोटींचा धंदा बसत गेला. लोक इथली जुनी मातीची घरं बघून पुढे जातात. तुम्ही जाऊ नका. परिसरालगत कालवा आहे, त्याच्या काठावर जा.

हा कालवा येतो नदीच्या खालून. पाणी घेतलं कॅलिफोर्नियाच्या काठावर, आणि शेती तर ॲरिझोनात. अलीकडच्या काठानं कालवा आणायचा तर मध्ये ‘हिला’ नदी आडवी, तीही बेभरवशाची. मग नदीच्या पात्राखाली काँक्रीटचा बोगदा केला: आतला व्यास चौदा फूट, लांबी जवळपास हजार फूट. जून १९१२मध्ये पाणी सुटलं. असा उलटा सायफन, म्हणजे प्रवाहाखालून कालवा नेणारी नळी, आपल्याकडे नाल्या-ओढ्याखाली असतो. अख्ख्या कोलोरॅडोच्या खालून, वाळूच्या तळात, त्या काळच्या साधनांनी! मी काठावर बसून राहिलो. ही म्हणाली, “अहो, पाणीच तर आहे.” आता तिला काय सांगणार? पाणी अलीकडच्या तोंडातून वर येतं ते अगदी शांत, वर फक्त थोडी घुसळ दिसते. पलीकडची पातळी थोडी जास्त ठेवली की बाकी काम गुरुत्वाचं. पंप नाही, वीज नाही.

अभियंता मंडळींनी एवढ्यावर थांबू नये. ईशान्येला वीसेक किलोमीटरवर लगुना बंधारा आहे, १९०९ साली पुरा झालेला. कोलोरॅडोवर अमेरिकेच्या सरकारनं बांधलेलं हे पहिलंच धरण, आणि प्रकार कुठला, तर भारतीय! खालचा खडक फार खोल, नदीत नुसती वाळू आणि गाळ. मग पाया खडकापर्यंत न्यायचाच नाही. काँक्रीटच्या समांतर भिंती, मध्ये दगडांची भर, वर काँक्रीटची फरसबंदी, आणि सगळं इतकं पसरट की पाण्याला खालून वाट काढायला फार लांबचा रस्ता पडावा. यमुनेवर ओखल्याला याच धर्तीचा बंधारा होता. मैलाला थोडीच कमी लांबी. आज तो वेतांत अर्धा लपलेला असतो, बघण्यासारखं काही नाही असं जावईबापूंचं मत. मतभेद असू द्यावा.

त्याच्या वर इम्पीरियल धरण, १९३८चं. जवळ जाता येत नाही, दुरून पाहा. तिथे गाळ बसवायच्या मोठ्या टाक्या आहेत आणि तळाशी गोल फिरणारे खरवडे गाळ काढून पुन्हा नदीत सोडतात. इथून निघतो ऑल-अमेरिकन कालवा, शीर्षाशी क्षमता १५,००० क्युसेकच्या आसपास. या ठिकाणाखाली युमाजवळ कालवा नदीपेक्षा मोठा वाटतो, आणि तसा तो आहेच. मेक्सिकोशी १९४४ला झालेल्या करारानं त्या देशाला वर्षाला पंधरा लाख एकर-फूट पाणी द्यायचं आहे. आपल्या मापात ६५ टीएमसी, म्हणजे जायकवाडीच्या जिवंत साठ्याहून थोडं कमी. ते मोरेलोस बंधाऱ्याशी मेक्सिकोच्या कालव्यात वळतं, आणि त्यापुढे पात्र बहुतेक वेळा कोरडं. मार्च २०१४मध्ये दोन्ही देशांनी ठरवून पाणी सोडलं, तेव्हा ते मे महिन्यात समुद्राला मिळालं. नदीला समुद्र गाठण्यासाठी करार करावा लागतो, यावर मी काही बोलत नाही. पैठणच्या खाली मार्चमधली गोदावरी पाहिलेल्यांना सांगायची गरज नाही. मोरेलोसच्या बांधावर जायचा हट्ट मात्र धरू नका, ती सरहद्द आहे.

शिवार पाहायला पहाटे निघा. हिवाळ्यात अमेरिकेत खपणारी सुमारे नव्वद टक्के पालेभाजी इथली, मुख्य म्हणजे लेट्यूस. मेक्सिकोतून मजूर भल्या पहाटे सरहद्द ओलांडून बसनं येतात. बसच्या मागे जोडलेली फिरती शौचालयं पाहून मला आमच्याकडच्या ऊसतोड बायांची आठवण झाली, आणि बरं वाटलं नाही. गड्डा सुरीनं कापायचा, बाहेरची पानं झाडायची, तिथेच खोक्यात भरायचा; मागे यंत्र हळूहळू सरकतं. थंडी फार पडली तर पानांवर बर्फ धरतं, मग ते विरघळेपर्यंत कापणी थांबते. शेतात शिरू नका; अन्नसुरक्षेचे नियम कडक आहेत. रस्त्यावरून पाहा, आणि वाफे लेसरनं किती सपाट केलेत ते नीट पाहा. पाणी वाफ्याच्या शेवटापर्यंत एका पातळीत जातं. आमच्या पाटकऱ्यांना हे दाखवायला हवं होतं.

जेवणाचं म्हणाल तर शाकाहाऱ्यांनी मेक्सिकन ठिकाणी बीन्स लार्डमध्ये, म्हणजे डुकराच्या चरबीत, शिजवलेत का ते आधी विचारावं. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर ठेवतो. येताना मेडजूल खजूर मात्र घ्या. हा मोरोक्कोचा वाण. तिकडे खजुरांवर रोग पडला, तेव्हा १९२७मध्ये तिथून अकरा रोपं अमेरिकेत आणली, त्यांतली नऊ जगली. पुढे १९४४मध्ये त्यांची फुटवी नदीपलीकडच्या बार्ड खोऱ्यात आली. सप्टेंबरनंतर ताजा माल असतो. मोठा, चकचकीत खजूर उपवासाला छान; पण लाडू-बर्फीसाठी थोडा सुकलेला, सुरकुतलेला घ्या, स्वस्तही पडतो. दुधात घुसळून देतात तो ‘डेट शेक’ दोघांत एक पुरतो, मधुमेहवाल्यांनी चार जणांत एक.

फिनिक्सकडे परतताना हायवेवर सरहद्द पोलिसांची तपासणी चौकी लागू शकते. व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांनी पासपोर्ट सामानाच्या बॅगेत तळाशी न ठेवता हाताशी ठेवावा. आणि वेलटनच्या आधी टेलिग्राफ पासचा चढ आहे, तिथून मागे वळून पाहायचं असेल तर ड्रायव्हरनं नाही, शेजारच्यानं पाहावं.