नववी-दहावीच्या पोरांना वादविवाद शिकवायचाय? आधी भाषण लिहून देणं बंद करा

वादविवाद स्पर्धा म्हटलं की आपल्याकडे काय होतं, सर किंवा मॅडम भाषण लिहून देतात, पोरगं ते आठ दिवसांत घोकतं, "सन्माननीय व्यासपीठ, परीक्षक आणि जमलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो" पासून हातवाऱ्यांसकट सगळं बसवलेलं असतं, मध्ये एक शेर, शेवटी एक सुविचार आणि टाळ्या. समोरचा काय बोलला हे कुणी ऐकलेलंच नसतं. मी पण बरीच वर्षं असंच लिहून दिलंय, ढाली आणल्यात. मग एका स्पर्धेत आमच्या मुलीला परीक्षकांनी विचारलं, "तू म्हणालीस सत्तर टक्के, ते कशाचे सत्तर टक्के?" ती माझ्याकडे बघायला लागली. तो आकडा मी घातला होता आणि खरं सांगतो, मलाही माहीत नव्हतं.

त्यानंतर जी पद्धत हळूहळू बसली ती सांगतो. साधारण सहा आठवडे, आठवड्याला दोन तासिका, जून संपता संपता सुरू केलं तर गणपतीच्या सुट्टीआधी होतं.

सगळ्यात आधी विषय. "मोबाईल शाप की वरदान" घेऊ नका, त्यावर प्रत्येक गाईडमध्ये निबंध आहे. "पर्यावरण वाचवा" पण नको, कारण वाचवू नका म्हणणारा कोण मिळणार? ठराव असा हवा की ज्यात कुणीतरी काहीतरी करायचं किंवा थांबवायचं असेल आणि दोन्ही बाजूंनी शहाणी माणसं उभी राहू शकतील. मी घेतो तो ठराव असा: "महाराष्ट्रातली प्लास्टिक पिशव्यांवरची बंदी उठवावी." हा विषय पोरांच्या घरातला, बाजारातला आहे, आणि कायदा काय म्हणतो ते शोधताही येतं.

आता बाजू. ती मुलांना निवडू द्यायची नाही, चिठ्ठ्या टाकायच्या. यावर रडारड होते, "सर मला बंदी हवीय, मी विरुद्ध कसं बोलू", एका वर्षी एका पालकांचा फोनही आला की आमच्या मुलाला खोटं बोलायला का लावताय. त्यांना म्हटलं, वकिलाकडे गेलात तर तो समोरच्या पार्टीचा विचार करून ठेवतो की नाही? मग काही बोलले नाहीत. आणि मध्यावर बाजू उलटायच्या, हे आधीच सांगून ठेवा म्हणजे कुणी अर्धवट काम करत नाही.

यानंतरची पायरी माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची, म्हणून इथे दोन तासिका जास्त गेल्या तरी चालेल. आपल्या जुन्या शास्त्रार्थात आधी पूर्वपक्ष मांडायचे, म्हणजे समोरच्याचं म्हणणं आपणच नीट मांडायचं आणि मग उत्तर द्यायचं. वहीच्या डाव्या पानावर समोरच्याचा मुद्दा, उजवं पान कोरं. डावं पान समोरच्या गटाला वाचून दाखवायचं, त्यांनी "हो, हेच म्हणायचंय आम्हाला" म्हटलं तरच उजव्या पानावर पेन टेकवायचं. पोरं पहिल्यांदा लिहितात, "बंदी उठवा म्हणणाऱ्यांना निसर्गाची पर्वा नाही." समोरचे लगेच ओरडतात, आम्ही असं कधी म्हणालो!

इतिहासाच्या तासाला जोडून इथे एक उदाहरण छान चालतं. १८९१ चा संमतिवयाचा कायदा, ज्याने मुलीशी शरीरसंबंधासाठीचं, लग्न झालेलं असलं तरी, किमान वय १० वरून १२ केलं. आगरकर कायद्याच्या बाजूने, टिळक विरोधात. वर्गात विचारलं की टिळकांचं म्हणणं काय होतं, तर निम्मी पोरं म्हणतात "त्यांना बालविवाह हवे होते." तसं नाही, त्यांचा मुख्य आक्षेप होता परक्या सरकारने आपल्या समाजाच्या चालीरीतीत कायदा करून हात घालण्याला. तुम्हाला तो आक्षेप पटो न पटो, पण उत्तर द्यायचं तर त्या आक्षेपाला द्या, तुम्ही बनवलेल्या बुजगावण्याला नको.

मग माहिती गोळा करणं. पोस्टकार्डाएवढे कागद कापून द्या. एका कागदावर एकच गोष्ट, खाली ती कुठून घेतली आणि कधीची आहे. ज्या कागदावर खाली काही नाही तो कागद मी सरळ फाडतो, दोनदा फाडला की तिसऱ्यांदा वेळ येत नाही. "गुगलवर होतं" हे उत्तर चालणार नाही, गुगल म्हणजे टपालवाला, पत्र कुणाचं ते सांग. चॅटजीपीटीचंही तेच, विचारायला हरकत नाही पण ते जे सांगेल ते मूळ जागी जाऊन बघायचं.

मूळ जागी गेल्यावर काय मजा येते बघा. राज्याची अधिसूचना २३ मार्च २०१८ ची. दंड पहिल्यांदा ५,००० रुपये, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. एवढं सगळ्यांना मिळतं. पण एका मुलीने केंद्राचे नियम पण वाचून काढले आणि तिला दिसलं की ३१ डिसेंबर २०२२ पासून देशभर १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांना बंदीच आहे. म्हणजे राज्याने बंदी उठवली तरी भाजीवाल्याची ती पातळ पिशवी परत येतच नाही! ठरावाच्या बाजूने बोलणाऱ्यांचं अर्धं भाषण तिथेच बसलं. ते बिचारे दोन दिवस गप्प होते आणि मग त्यांनी आपली मागणी "जाड, परत वापरता येणाऱ्या पिशव्यांना परवानगी द्या" अशी बदलून आणली, जी आधीपेक्षा कितीतरी बरी होती.

कागदावरच्या माहितीइतकंच बाजारात जाणं गरजेचं आहे. दोघादोघांनी आठवडी बाजारात एका गाळ्याजवळ अर्धा तास उभं राहायचं, विचारून, कुणाचं नाव लिहायचं नाही, फोटो काढायचा नाही. फक्त उभ्या रेघा मारायच्या: घरून पिशवी आणणारे, मागून घेणारे, पदरात नाहीतर हेल्मेटमध्ये भाजी घेणारे (हो, असतात). एक मावशी म्हणाल्या, "मी पिशवी नाय दिली तर गिऱ्हाईक शेजारी जातंय, दंड त्याला हाय का?" हा कागद त्या वर्षी दोन्ही बाजूंनी वापरला. पण अर्ध्या तासाच्या रेघांवरून "महाराष्ट्रातले लोक" असं वाक्य लिहायचं नाही, "आमच्या बाजारात, त्या अर्ध्या तासात" एवढंच.

कारण आणि परिणाम यात पोरं हमखास घसरतात. ठरलेलं वाक्य: "२६ जुलै २००५ ला प्लास्टिकमुळे मुंबई बुडाली." फळ्यावर लिहा आणि विचारा, अजून काय काय होतं त्या दिवशी? सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. शहराची जुनी पावसाळी गटारं ताशी साधारण २५ मिलिमीटर पावसाच्या हिशोबाने बांधलेली. समुद्राला भरती. मिठी नदीवर अतिक्रमणं. पिशव्यांनी गटारं तुंबली हे खरंच, पण सगळा दोष त्यांच्या माथी मारता येतो का? तासाभराच्या भांडणानंतर वाक्य असं झालं: "आधीच अपुऱ्या असलेल्या गटारांची क्षमता पिशव्यांमुळे आणखी कमी झाली." याला टाळ्या कमी पडतात, पण खोडून दाखवा.

प्रत्यक्ष वादविवादाला फार काही लागत नाही. चार मिनिटं मांडणी, दोन मिनिटं तयारी, दोन मिनिटं खंडन, एक मिनिट उरलं की घंटा. ऐकणाऱ्यांनी कागदाला तीन उभे रकाने पाडायचे: ते काय म्हणाले, आम्ही काय उत्तर दिलं, काय राहिलं. खंडनाची सुरुवात "तुम्ही म्हणालात की..." अशीच, हे सक्तीचं. गुण देताना मी आवाज आणि हावभावाला दहातले दोनच ठेवतो, खंडनाला चार, पुराव्याला चार. वक्तृत्वात नंबर काढणारी पोरं सुरुवातीला यात मागे पडतात आणि कोपऱ्यात बसणारं एखादं पोर अचानक जिंकतं.

याच ठरावावर प्रत्येकाकडून एक लेखही लिहून घ्यायचा, पण तो वादविवादानंतरच, आधी नको, कारण आता त्यांना कळलेलं असतं की आपला कुठला मुद्दा टिकला. आठशे शब्द पुरे. "आजच्या धकाधकीच्या युगात" ने सुरुवात केली तर ते वाक्य खोडून परत द्या. पहिल्याच परिच्छेदात माझं म्हणणं काय ते एका वाक्यात यायला हवं. मग सगळ्यात भक्कम दोन मुद्दे, पुराव्यासकट, आणि पुरावा कुठला ते वाक्यातच, "राज्याच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार" असं. मग पूर्वपक्ष, वहीच्या डाव्या पानावरून उचलून, आणि त्याला उत्तर. उत्तर नसेल तर "हा आक्षेप मला खोडता आला नाही" असं लिहायला सांगा, मी त्याला गुण कापत नाही.

पहिला खर्डा तपासताना लाल पेन वापरू नका, शुद्धलेखन शेवटी बघू. समासात फक्त दोन खुणा करतो: "कशावरून?" आणि "मग काय?" पुराव्याशिवाय विधान असेल तिथे पहिली, पुरावा दिलाय पण तो ठरावाला जोडलेला नाही तिथे दुसरी. दुसऱ्या खर्ड्याआधी हीच दोन खुणांची तपासणी मुलांना एकमेकांच्या वहीवर करायला देतो. ती माझ्यापेक्षा कडक असतात, एकाने तर माझ्या फळ्यावरच्या वाक्यापुढे खडूने "कशावरून?" लिहून ठेवलं होतं.