वेळेलाही धुरा लागतो

वावर आणि ढोरं सांभाळून पोलीस भरती किंवा राज्यसेवेची तयारी करायची असेल, तर पहिले तीन दिवस वेळापत्रक बनवूच नका. कोणतं काम कधी सुरू झालं, कधी संपलं, एवढंच वहीत लिहा. गोठ्याचं काम अर्ध्या तासाचं वाटतं; कुटार टाकणं, पाणी पाजणं, हातपाय धुणं धरलं की पाऊण तास होतो. वावरातल्या चकरेत जाणं-येणं आणि धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, गप्पाही मोजा. तिथंच खरी गळती असते.

मग तिन्ही दिवसांतला मधला आकडा घ्या. 40, 45 आणि 60 मिनिटं लागली असतील तर 45 धरा, वर पाच मिनिटं सोडा. बहुतेक जण उत्साहात सगळ्यात कमी आकडा धरतात; एक ढोर सुटलं की दिवसभराचं गणित कोलमडतं.

सरावाची मर्यादा मात्र परीक्षेवरूनच ठरवायची. राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या सी-सॅट या दुसऱ्या पेपरला 120 मिनिटांत 80 प्रश्न, म्हणजे प्रश्नाला दीड मिनिट. पोलीस भरतीच्या लेखीला 90 मिनिटांत 100, म्हणजे 54 सेकंद. वीस प्रश्नांचा संच घेतला तर सी-सॅटसाठी 30 मिनिटं, पोलीस भरतीसाठी 18. गजर वाजला की रेघ मारा आणि उरलेले प्रश्न दुसऱ्या रंगाच्या पेनानं सोडवा. रेघेखालची उत्तरं बरोबर आली तर वेग कमी पडतोय. चुकली तर धडाच कच्चा आहे, घड्याळाला दोष देऊ नका. नवा धडा शिकताना तर घड्याळ लावूच नका.

वर्तमानपत्र वाचायला 25 मिनिटं, टिपणांना 15. राहिलेलं पान राहू द्या. कात्रणांचे गठ्ठे पुढे उंदीरच वाचतात.

गजरासाठी मोबाइल नको, साधं टेबलावरचं घड्याळ बरं. मोबाइल गजर बंद करायला हातात घेतला की अर्धा तास गेलाच समजा.

तालुक्याला बँकेत काम असेल तर तिथं मर्यादा घालून उपयोग नाही, रांग आपल्या हातात नसते. पिशवीत 30 प्रश्नांचा कागद ठेवा. ओलिताला रात्रीची लाइन असेल त्या आठवड्यात पहाटेचा अभ्यास सरळ कापा आणि झोपा. कापूस वेचणीच्या दिवसांत एकच संच, तोही संध्याकाळी जेवणाआधी. जेवल्यावर डोळे उघडे राहत नाहीत.