जुनी लक्झरी सेडान: काय बिघडतं, पैसा कुठे जातो आणि तो आवरायचा कसा

दहा-पंधरा वर्षं जुनी मर्सिडीज ई-क्लास, बीएमडब्ल्यू फाइव्ह सीरीज नाहीतर ऑडी ए६ आज साध्या छोट्या गाडीच्या भावात मिळते आणि लोक नेमके इथेच फसतात, कारण गाडीचा भाव पडला तरी तिच्या पार्टचा भाव पडत नाही. एअर सस्पेन्शनचा, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेवर गाडी तोलणारा, स्ट्रट आजही महागड्या गाडीचाच स्ट्रट आहे, आणि तो बसवायला तास पण तेवढेच लागतात. म्हणून अशी गाडी घेताना किंवा सांभाळताना आधी एक हिशोब डोक्यात पक्का करा, तो म्हणजे पार्ट कितीचा यापेक्षा तो पार्ट बसलाय कुठे.

एन४७ हे बीएमडब्ल्यूचं दोन लिटर डिझेल इंजिन घ्या. टायमिंग चेन, म्हणजे क्रँक आणि कॅम शाफ्टचा मेळ ठेवणारी साखळी, झिजणं हा त्याचा माहीत असलेला आजार, चेन आणि गाइड काही फार मोठी वस्तू नाही, पण ती चेन इंजिनच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे, म्हणजे इंजिन किंवा गिअरबॉक्स खाली उतरवल्याशिवाय हात पोचत नाही. सगळं बिल लेबरचं. मर्सिडीजच्या एम२७२ व्ही६ चं पण तसंच, साधारण २००४ ते २००८ च्या बऱ्याच इंजिनांमध्ये बॅलन्स शाफ्टचं (इंजिनची थरथर कमी करणाऱ्या दांड्याचं) गिअर लवकर झिजतं, गिअर छोटंसं, पण त्यासाठी इंजिन बाहेर. अशी गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन पूर्ण थंड असताना स्वतः स्टार्ट करा, पहिले काही सेकंद इंजिनमधून खरखर किंवा साखळी घासल्यासारखा आवाज येतो का ऐका, आणि स्कॅनरवर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्रावर, पी००१६ ते पी००१९ यातला क्रँक-कॅमचा मेळ चुकल्याचा कोड दिसतो का बघा. मालकाने "तुम्ही येणार म्हणून गरम करून ठेवली" असं म्हटलं तर दुसऱ्या दिवशी परत जा.

स्कॅनरचा विषय निघालाच आहे तर, कोड म्हणजे पार्टचं नाव नाही. पी०१७१ आला म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय एवढंच कळतं, मग कोणी लगेच एअर फ्लो सेन्सर बदलतो, कोणी ऑक्सिजन सेन्सर, आणि शेवटी निघतं काय तर फाटलेला रबरी होज. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती वाढवतोय-कमी करतोय तो आकडा, बघा, आयडलला खूप वर आणि रेस दिल्यावर खाली येत असेल तर बहुतेक हवा कुठूनतरी चोरून आत जातेय, स्मोक टेस्ट (आत धूर सोडून गळती शोधणं) करून घ्या. तपासणीचे वेगळे पैसे द्यायला लोक कुरकुर करतात आणि मग अंदाजाने बदललेल्या तीन पार्टचे पैसे निमूट देतात, हे गणित मला कधी समजलेलं नाही.

एअर सस्पेन्शनवर जरा थांबतो, कारण इथे एक छोटी गळती मोठं बिल बनवते. मर्सिडीजच्या डब्ल्यू२२० एस-क्लासपासून एअरमॅटिक नावाचं एअर सस्पेन्शन आलं, त्यातल्या रबरी बेलोजना, म्हणजे हवेच्या पिशव्यांना, घडीच्या जागी चिरा पडतात. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यात बसलेली दिसली की समजून जा. स्टार्ट केल्यावर ती उचलते म्हणून मालक निवांत असतो, पण ती उचलायला कॉम्प्रेसर रोज जास्त वेळ चालतो, तापतो आणि एक दिवस जातो, कधी रिले चिकटून बसतो आणि कॉम्प्रेसर बंदच होत नाही, तसा पण जळतो. म्हणजे एका स्ट्रटचं काम आता स्ट्रट, कॉम्प्रेसर आणि रिले असं तिप्पट झालं. शंका आली की साबणाचं पाणी स्प्रे करून बुडबुडे शोधा, बेलोज, व्हॉल्व्ह ब्लॉक (स्ट्रटना हवा वाटणारा) आणि पाइपचे जोड तिन्ही बघा, कारण कधीकधी नुसता जोड सैल असतो. आणि स्टँड लावल्याशिवाय अशा गाडीखाली अजिबात शिरू नका, हवा गेली की गाडी विचारत नाही. साध्या कॉइल स्प्रिंगवर बदलून घेण्याचे किट मिळतात, काम चालतं, पण गाडीची चाल बदलते आणि डॅशबोर्डवरच्या वॉर्निंगचा बंदोबस्त वेगळा करावा लागतो. गाडी ठेवायची असेल तर माझं मत मूळ सिस्टमच्या बाजूने.

मर्सिडीजची डब्ल्यू२११ ई-क्लास घेणार असाल तर अजून एक. २००६ च्या फेसलिफ्टआधीच्या गाड्यांना एसबीसी नावाचे इलेक्ट्रॉनिक ब्रेक आहेत, त्याच्या पंपात वापर मोजणारा काउंटर असतो आणि मर्यादा गाठली की वॉर्निंग येते. पंप महाग. आणि पॅड बदलण्याआधी ही सिस्टम स्कॅनरने बंद करावी लागते, नाहीतर ती आपणहून प्रेशर देते आणि कॅलिपरमध्ये बोटं चिरडू शकतात, त्यामुळे ज्याला हे माहीत नाही त्याच्या हातात ब्रेकचं काम देऊच नका. जमत असेल तर सरळ फेसलिफ्टनंतरची गाडी बघा.

ऑइल लीक आणि कुलिंग हे रोजचं दुखणं. बीएमडब्ल्यूच्या एन५२, एन५४ या पेट्रोल इंजिनांमध्ये व्हॉल्व्ह कव्हरचं आणि ऑइल फिल्टर हाउसिंगचं गास्केट कडक होऊन गळतं, गास्केट स्वस्त असतं म्हणून "चालतंय तोपर्यंत चालू दे" म्हणतात, पण ते ऑइल बेल्टवर पडतं, बेल्ट सुटतो, आणि वाईट नशिबाने क्रँकच्या पुढच्या सीलमधून आत ओढला जातो. मग ऑइल पॅन काढा, तुकडे वेचा. याच इंजिनांचा वॉटर पंप इलेक्ट्रिक आहे, तो आधी काही न सांगता जातो, म्हणून लाखभर किलोमीटरच्या आसपास थर्मोस्टॅटसकट बदलून टाकलेला बरा, दोन्ही एकाच जागी असतात, लेबर एकदाच पडतं. कोणतंही काम काढलं की गॅरेजला हाच प्रश्न विचारा, आता हे उघडलंच आहे तर शेजारचं काय काय बदलून घ्यायचं? टेम्परेचरची वॉर्निंग आली की गाडी तिथल्या तिथे बंद, "घर जवळ आहे" वगैरे नाही, ॲल्युमिनियमचं हेड वाकलं की पंपाचं बिल किरकोळ वाटायला लागतं.

२००८ ते २०१२ दरम्यानच्या ऑडीच्या दोन लिटर टीएफएसआय (टर्बो पेट्रोल) इंजिनात पिस्टन रिंगमुळे ऑइल खाण्याची तक्रार प्रसिद्ध आहे, तिथे ऑइल किती पितेय हे घेण्याआधीच विचारा, आणि टेलपाइपमध्ये बोट फिरवून काळा चिकट थर येतो का बघा.

गिअरबॉक्स. "लाइफटाइम ऑइल", म्हणजे कधी बदलायलाच नको, या शब्दावर विश्वास ठेवू नका, गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः आपल्या ६एचपी गिअरबॉक्सचं ऑइल ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला बदला म्हणते. बऱ्याच गाड्यांत याचा पॅन प्लॅस्टिकचा असतो आणि फिल्टर त्यातच, म्हणजे पूर्ण पॅनच बदलतात. लेव्हल इंजिन चालू ठेवून आणि ऑइल साधारण ३० ते ५० डिग्री असताना बघायची, स्कॅनरवर तापमान न बघता कोणी भरत असेल तर थांबवा. जुन्या मर्सिडीजच्या ७२२.६ ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये वायरिंगच्या प्लगचा एक छोटा प्लॅस्टिकचा बुश असतो, त्याच्या ओ-रिंग गेल्या की ऑइल वायरमधून चढत थेट कंट्रोल युनिटपर्यंत पोचतं. बुश अगदी किरकोळ पैशात येतो, युनिट नाही. बाकी गिअर स्लिप व्हायला लागले असतील, क्लच झिजले असतील, तर नवीन ऑइलने चमत्कार होणार नाही, तिथे रिबिल्डचाच हिशोब करा.

इलेक्ट्रिकलची भीती सगळ्यांना वाटते पण अर्ध्या वेळी गुन्हेगार बॅटरी असते. उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास आणि चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ दिसलं पाहिजे, व्होल्टेज कमी असलं की एबीएसपासून एअरबॅगपर्यंत कुठलेही कोड येतात. ई६० फाइव्ह सीरीजपासूनच्या बीएमडब्ल्यूमध्ये नवी बॅटरी टाकल्यावर ती स्कॅनरने रजिस्टर करावी, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला कळवावी लागते. दुसरा गुन्हेगार पाणी, सनरूफचे ड्रेन पाइप पानांनी आणि मातीने तुंबतात, पाणी कार्पेटखाली किंवा डिकीत उतरतं आणि या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल नेमके तिथेच बसवलेले असतात. सनरूफच्या कोपऱ्यात थोडं पाणी ओतून ते खालून बाहेर पडतंय का बघा, तुंबलं असेल तर मऊ नायलॉनची दोरी घालून मोकळं करा, जोरात हवा मारू नका, पाइप आतच निसटतो. रात्रीत बॅटरी उतरत असेल तर गाडी लॉक करून कमीत कमी अर्धा तास सगळी मॉड्यूल झोपू द्या आणि मगच करंट मोजा, साधारण ५० मिलीॲम्पच्या आत हवा.

पुढच्या सस्पेन्शनचे आर्म आणि बुश झिजणारच, त्याचं दुःख नाही, फक्त ऑडीमध्ये वरच्या आर्मचा आडवा बोल्ट ॲल्युमिनियममध्ये गंजून बसतो आणि दोन तासांचं काम दिवसभराचं होतं, तेवढं आधीच बोलून घ्या. काम झालं की अलाइनमेंट.

पार्ट घेताना चॅसी नंबर टाकूनच पार्ट नंबर काढा, एकाच मॉडेलला वर्षागणिक वेगळे पार्ट असतात. कंपनीच्या डब्यातला आणि मूळ बनवणाऱ्याच्या डब्यातला पार्ट बऱ्याचदा एकच असतो, सस्पेन्शनला लेमफॉर्डर, फिल्टरला मान, शॉक आणि एअर स्ट्रटला बिल्स्टीन, इथे चांगले पैसे वाचतात. जुने काढलेले पार्ट आरसे, हँडल, सीटची बटणं यांना चालतात. रबर, टायमिंग आणि ब्रेक यांना अजिबात नाही.

आता कामं खूप आणि पैसे कमी असतील, आणि तसेच असतात, तर क्रम असा लावा, आधी ब्रेक, स्टीअरिंग आणि टायर, मग जे थांबवलं नाही तर दुसरं काहीतरी मोडेल ते, म्हणजे कुलंट, ऑइल लीक, हवेची गळती, आणि आरामाच्या गोष्टी सगळ्यात शेवटी, गरम होणारी सीट थांबू शकते. एस्टिमेट पार्ट आणि लेबर वेगळं लिहून घ्या, काढलेले पार्ट परत मागा. आणि चेन किंवा गिअरबॉक्ससारख्या एका कामाचंच बिल गाडीच्या आजच्या भावाच्या अर्ध्यावर जात असेल आणि खाली गंज पण धरला असेल, तर ते काम करूच नका, स्कॅन रिपोर्ट आणि एस्टिमेट घेणाऱ्याच्या हातात देऊन गाडी आहे तशी विका.