गच्चीचा कोबा: घाई केली तर पावसाळ्यात छत गळणारच

गच्चीचा कोबा म्हणजे पाणी मुरू नये म्हणून स्लॅबवर घातलेला विटांचे तुकडे आणि सिमेंटच्या मालाचा थर. नाशिकचं एप्रिल-मेचं ऊन या कोब्याचं वैरी. माल पटकन सुकतो, केसासारख्या भेगा पडतात. म्हणून काम सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावरच.

आधी स्लॅब तारेच्या ब्रशने खरवडून धुवा. सुटा माल राहिला तर नवा कोबा धरत नाही, ठोकल्यावर पोकळ वाजतो. भेगा व्ही आकारात खोदून भरा आणि सिमेंटची स्लरी (पाण्यात कालवलेला पातळ घोळ) ब्रशने घासून लावा. स्लरी ओली असतानाच कोबा सुरू करा. विटांचे तुकडे आधी भिजवून ठेवा, नाहीतर कोरडी वीट मालातलं पाणी ओढून घेते. वॉटरप्रूफिंगचं रसायन डब्यावर लिहिलंय तेवढंच. जास्त टाकून कोबा जास्त पक्का होत नाही.

उतार पावसाचं पाणी जाणाऱ्या पाइपाकडे, 10 फुटांना साधारण सव्वा इंच. लेव्हल ट्यूबने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) तपासून दोरी बांधा. 'नजरेनं बरोबर आहे' म्हणणाऱ्या गवंड्याचं ऐकू नका.

बहुतेक गळती गच्चीच्या मधोमध नसते, ती कठड्याच्या सांध्यात आणि पाइपाच्या तोंडाशी असते. सांध्यात गोलाई काढून कोबा कठड्यावर फूटभर चढवा. पाइपाभोवतीचा माल बोटाने दाबून भरा. तिथं थापी नीट पोहोचत नाही.

मग कोब्यावर मालाचे छोटे बांध घालून आळी करून किमान 7 दिवस पाणी साठवा. शेवटचे 48 तास खालून छत रोज पाहा. ओल दिसली तर टाइल्स बसवायच्या आधीच दुरुस्त करा.